छत्री आणि फ्लॅश यांना जोडणारा ब्रॅकेट : दहा महिन्यांच्या वापरानंतर

येवल्यातील विणकर आणि पैठणीचे दुकानदार यांच्यासाठी मी साड्यांची छायाचित्रे काढतो आणि अधूनमधून डोहाळजेवण, साखरपुडा अशी घरगुती कामेही घेतो. गेल्या दसऱ्यापर्यंत फ्लॅश कॅमेऱ्यावरच लावायचा आणि तो छताकडे वळवायचा, एवढीच माझी प्रकाशयोजना होती. परंतु हातमाग असलेल्या घराचे छत पुष्कळदा पत्र्याचे किंवा धुराने काळवंडलेल्या लाकडाचे असते, त्यावरून प्रकाश परतत नाही. आणि फ्लॅश सरळ समोर धरला, तर पैठणीच्या जरीवर पांढरा डाग उमटतो व रेशमाचा रंग हरवतो. म्हणून मी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर नेला आणि त्याला प्रकाश पसरवून मऊ करणारी छत्री जोडली.

साहित्य थोडेच आहे : गोडॉक्सचे टीटी६०० हे दोन फ्लॅश, त्याच कंपनीचा एक ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला उडण्याचा इशारा देणारे उपकरण), ४३ इंची दोन छत्र्या, दोन स्टँड आणि आठ चार्जेबल पेन्सिल सेल. एक छत्री पांढऱ्या अर्धपारदर्शक कापडाची आहे, तर दुसरी काळ्या पाठीची, आतून रुपेरी. टीटी६०० मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ रिसीव्हर आतच असल्यामुळे ट्रिगरचा इशारा थेट मिळतो आणि फ्लॅशचे तोंड कुठेही वळवले तरी अडत नाही. या सगळ्याविषयी माझी तक्रार नाही. दहा महिन्यांत मला खरे शिकवले ते छत्री आणि फ्लॅश यांना स्टँडवर एकत्र धरणाऱ्या ब्रॅकेटने, आणि खरेदी करताना नेमका त्याचाच विचार मी सर्वांत कमी केला होता.

पहिला ब्रॅकेट स्टँडबरोबरच मिळाला, तो प्लॅस्टिकचा होता. त्याचा वाकणारा सांधा निव्वळ घर्षणावर धरून राहतो. आत दाते नसतात. सेलसह फ्लॅशचे वजन सुमारे अर्धा किलो, त्यात छत्रीचा भार सांध्यापासून हातभर लांब. पैठणीची वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि हीच हाताने विणलेल्या पैठणीची मोठी खूण असल्यामुळे गिऱ्हाईक पदराच्या सुलट-उलट अशा दोन्ही छायाचित्रांची मागणी करते. या दोन्हींचा प्रकाश तंतोतंत जुळला नाही, तर दोन बाजू वेगळ्या आहेत अशी शंका येते आणि विणकराच्या कित्येक महिन्यांच्या कष्टावर बोट ठेवले जाते. एकदा मोराच्या पदराचे पहिले छायाचित्र उत्तम आले आणि दुसऱ्यात वरचा एक तृतीयांश भाग अंधारला. मी सेल बदलले, फ्लॅशची ताकद वाढवून पाहिली, ट्रिगर बंद-चालू केला. शेवटी लक्षात आले, की छत्रीच्या दांडीचे टोक सुरुवातीला भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याच्या रेषेत होते, ते आता चार बोटे खाली आले होते. सांधा आवाज न करता हळूहळू बसत चालला होता.

त्याच ब्रॅकेटचा दुसरा दोष अधिक गंभीर निघाला. एका डोहाळजेवणाच्या वेळी फ्लॅशचा पाय, म्हणजे कॅमेऱ्यावर सरकवायचा त्याचा खालचा भाग, धरणारी प्लॅस्टिकची खाच तडकली आणि फ्लॅश सतरंजीवर पडला. गर्भवती मुलगी बसली होती ती खुर्ची तेथून दोन हातांवर होती. कोणाला काही लागले नाही आणि फ्लॅशही वाचला, पण त्या दिवसानंतर माणसांच्या आसपास मी प्लॅस्टिकचा ब्रॅकेट कधीही उभा केलेला नाही आणि नव्याने शिकणाऱ्यांनाही तो वापरू देत नाही.

दुसरा ब्रॅकेट पूर्ण धातूचा घेतला. त्याच्या सांध्यात एकमेकांत अडकणारे दाते आहेत, त्यामुळे एकदा कोन ठरवून मूठ आवळली की दुपारभर तो हलत नाही. मात्र फ्लॅशच्या पायाखाली विद्युत संपर्काचे बारीक बिंदू असतात, आणि धातूच्या खाचेत ते एकमेकांशी जोडले गेले की फ्लॅश आपोआप उडतो किंवा इशारा मिळूनही गप्प राहतो. खाचेच्या तळाशी इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवला की हा त्रास थांबतो. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळून सरकतो, त्यामुळे मी दर महिन्याला तुकडा बदलतो.

छत्रीची दांडी ज्या छिद्रातून जाते, त्याकडे मात्र बहुतेकांचे लक्षच जात नाही. फ्लॅश दांडीच्या वर काही इंच बसतो, म्हणजे त्याचा झोत छत्रीच्या मध्यावर न पडता वरच्या भागात पडणार हे उघड आहे. याची भरपाई म्हणून चांगल्या ब्रॅकेटमधले छिद्र किंचित तिरके पाडलेले असते, जेणेकरून दांडी पुढे जाताना थोडी वर चढते आणि छत्रीचा मध्य झोताच्या समोर येतो. दांडी उलट बाजूने घातली तर ती उतरती होते, झोताचा वरचा भाग छत्रीच्या काठावरून निसटून भिंतीवर जातो आणि प्रकाश कमी का पडतो हे कळत नाही. मी जवळजवळ दोन महिने दांडी उलटीच घालत होतो. आता ब्रॅकेटच्या योग्य बाजूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला आहे.

तिसरा ब्रॅकेट एस-प्रकारचा आहे. तो फ्लॅशला पायाने न धरता डोक्याच्या चौकटीभोवती पकडतो. त्यामुळे पायावर भार येत नाही, संपर्कबिंदूंचा प्रश्न उरत नाही आणि फ्लॅशचे डोके दांडीच्या अधिक जवळ येते, म्हणून छत्री मध्यापासून सर्व बाजूंना समान उजळते. तो आकाराने मोठा आहे, बॅगेत जागा अडवतो, आणि घाईत फ्लॅश काढून कॅमेऱ्यावर लावायचा असेल तर थोडा वेळ खातो. तरीही साड्यांच्या कामासाठी मुख्य दिवा मी त्याच्यावरच लावतो आणि धातूचा ब्रॅकेट दुसऱ्या दिव्यासाठी ठेवतो.

छत्री पूर्ण उजळते की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याचे छिद्र (प्रकाश आत घेणारे, अ‍ॅपर्चर) बारीक करून छत्रीचेच छायाचित्र काढावे. फ्लॅशचा झूम, म्हणजे झोत किती अरुंद किंवा रुंद पडावा ते ठरवणारी सोय, १०५ मिमीवर होता तेव्हा मला मध्यभागी ताटलीएवढे वर्तुळ दिसले, २४ मिमीवर मात्र उजेड काठापर्यंत पोहोचला. दांडी पुढे-मागे सरकवूनही हे वर्तुळ लहान-मोठे करता येते. पदरासाठी सध्या आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ४००, छिद्र एफ ८, वेग १/१६० सेकंद आणि फ्लॅश पाव ताकदीवर, रुपेरी छत्री पदरापासून सुमारे दीड मीटरवर बाजूने तिरकी, या मांडणीवर मी स्थिरावलो आहे. अंतर दुप्पट केले तर प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणून उलट बाजूचे छायाचित्र घेताना मी स्टँड हलवत नाही, साडीच उलटी टाकतो.

पांढरी छत्री माणसांच्या चेहऱ्यांना फार मऊ प्रकाश देते, यात शंका नाही. पण तिच्यातून बराच प्रकाश मागे उसळून खोलीभर पसरतो, आणि आपल्याकडच्या घरांच्या भिंती पोपटी, गुलाबी किंवा निळ्या असतात. पोपटी भिंतीच्या खोलीत काढलेल्या जांभळ्या पैठणीच्या सावल्या हिरवट आल्या आणि ते काम मला पुन्हा करावे लागले. रंग अचूक हवा असेल तिथे काळ्या पाठीचीच छत्री लावावी.

अंगणात छत्री शिडासारखी वारा धरते. स्टँडचे पाय पूर्ण फाकवून, एक पाय छत्रीच्या दिशेला ठेवून, मधल्या दांड्याला पाच किलो वाळूची पिशवी बांधली तरच मी ती बाहेर उभी करतो. वारा वाढला की छत्री मिटवून उघडा फ्लॅश चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर मारतो. मार्चमध्ये वाऱ्याच्या अशाच एका झोताने रुपेरी छत्री उलटली आणि एका काडीच्या टोकाचे कापड सुटले. पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात बसणाऱ्या छत्री दुरुस्त करणाऱ्या काकांकडून टाका मारून घेतला. त्यांनी काडीही सरळ करून दिली, आणि ती छत्री तेव्हापासून रोज वापरात आहे.