सायको-पास आधी की शिनसेकाई योरी?

दडपशाही आणि तिच्याविरुद्धचा झगडा हा विषय घेऊन अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, शोधायला लागलं की यादी लांबतच जाते, पण माझ्या ओळखीतले बहुतेकजण शेवटी याच दोन नावांपाशी अडतात. दोन्ही मालिका जपानमध्ये एकाच हंगामात आल्या, २०१२ च्या शरद ऋतूत सुरू होऊन मार्च २०१३ मध्ये संपल्या. मी दोन्ही पाठोपाठ पाहिल्या आणि वर्षभराने परत पाहिल्या. मागच्या महिन्यात धाकट्या मावसभावाने विचारलं, "दादा, सुट्टीत एकच होईल, कोणती बघू?" फोनवर मी त्याला एक नाव सांगून टाकलं, पण कारण नीट सांगता आलं नाही. ते आता लिहितोय. मोठी रहस्यं फोडत नाही, पण काही प्रसंगांबद्दल बोलावंच लागेल.

सायको-पासची पकड पहिल्याच भागात बसते. गोष्ट भविष्यातल्या जपानमधली, जिथे सिबिल नावाची यंत्रणा प्रत्येकाचं मन मोजते आणि तो गुन्हा करण्याची शक्यता आकड्यात सांगते. एका बाईचं अपहरण होतं, तिच्यावर अत्याचार होतो आणि त्या भीतीने तिच्या मनाचा आकडा वाढत जातो. आकडा वाढला म्हणजे सिबिलच्या लेखी तीच गुन्हेगार. शंभरच्या आत असाल तर पोलिसांच्या डॉमिनेटर नावाच्या बंदुकीचा चाप लागत नाही, शंभरच्या वर गेलात की बेशुद्ध, तीनशेच्या वर गेलात की जागीच खलास. नायिका आकाने त्सुनेमोरीचा इन्स्पेक्टर म्हणून हा पहिला दिवस, आणि त्या बाईला वाचवण्यासाठी ती आपल्याच सहकाऱ्यावर, कोगामीवर, डॉमिनेटर चालवते. मला ती रात्र लख्ख आठवते. भाग संपला, लॅपटॉप बंद करायला उठलो आणि उभ्या उभ्याच दुसरा भाग लावला.

पुढेही लेखक गेन उरोबुची ही तीव्रता सोडत नाही. त्याच पथकातल्या कागारीला यंत्रणेने वयाच्या पाचव्या वर्षी संभाव्य गुन्हेगार ठरवलेलं आहे. पाचव्या वर्षी! चौदाव्या भागात तर भर दिवसा रस्त्यावर एकजण हातोडीने एका बाईचा जीव घेतो आणि भोवतीचे लोक नुसते बघत उभे राहतात. ते क्रूर नसतात. समोर काय चाललंय हे त्यांना कळतच नाही, कारण धोका असता तर यंत्रणेने सांगितलं असतं. माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास कसा गमावतो, हे इतक्या थोडक्यात दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग अडलं कुठे? अवतरणांपाशी. माकिशिमा हा खलनायक तोंड उघडतो तेव्हा बरेचदा कुठल्या तरी पुस्तकातून बोलतो. कधी पास्कल, कधी शेक्सपिअर. त्याच्याशी बोलणारे लोकही त्याच चालीवर उत्तर देतात. पहिल्यांदा बघताना मी सबटायटल्स थांबवून थांबवून वाचत होतो आणि तेवढाच वैतागत होतो. दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं की खुपतंय ते थांबवणं नव्हे. सिबिलविरुद्धची सगळ्यात चांगली, सगळ्यात खरी वाक्यं मालिकेने एका देखण्या, वाचलेल्या आणि मुलींचे गळे चिरणाऱ्या माणसाला देऊन टाकली आहेत. ज्यांचं आयुष्य त्या आकड्याने नासलं, त्यांच्या वाट्याला स्वतःच्या शब्दांतली साधी तक्रारही फारशी येत नाही. या राज्यात विचार करणं लोक विसरून गेलेत, म्हणून असं, हे कोणी म्हटलं तर मला मान्य आहे. उरोबुचीने ते जाणूनबुजून केलं असावं. तरीही बंड हा एका हुशार माणसाचा छंद होऊन बसतो, आणि तिथे माझं मन मालिकेपासून थोडं सुटलं ते सुटलंच.

आकानेबद्दल मात्र आदरच आहे. शेवटाकडे ती उसने शब्द न घेता बोलते. आज ना उद्या कोणीतरी येईल आणि या यंत्रणेची वीज तोडेल, असं ती यंत्रणेलाच तोंडावर सांगते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाते. सायको-पासमधली आशा ती एवढी. वाट बघणारी आहे, पण खोटी नाही.

शिनसेकाई योरी सुरुवातीला तुमचा अंत बघेल. गोष्ट हजार वर्षांनंतरच्या जपानमधली, कामिसू ६६ नावाच्या गावातली. कालवे, शेतं, होड्या, नुसत्या मनाच्या जोरावर वस्तू हलवणारी माणसं. पहिले चार भाग कोण कोणाचं काय, हे लावण्यातच जातात. पाचव्या भागात चित्रांची धाटणीच बदलते आणि वाटतं, चुकून दुसरंच काही लावलं की काय. नायिका साकी बारा वर्षांची असते, मग चौदाची, मग एकदम सव्वीसची. आठव्या भागापाशी माझ्या दोन मित्रांनी मालिका सोडली आणि मी त्यांना दोष देत नाही.

पण गावात रोज संध्याकाळी एक धून वाजते. चेक संगीतकार द्वोर्झाकच्या सिम्फनीतली ती चाल जपानमध्ये आजही अनेक ठिकाणी लाउडस्पीकरवर वाजवतात, मुलांनी खेळ आवरून घरी जावं म्हणून. दिवेलागणीची वेळ, मुलं घराकडे निघालेली. आणि मग वर्गातली एक मुलगी, जिला मनाची ताकद नीट वापरता येत नव्हती, एके दिवशी येत नाही. कोणी तिचं नाव काढत नाही. मारहाण नाही, बंदूक नाही, कुठलाही आकडा नाही. मला या गावाची भीती सिबिलच्या शहरापेक्षा जास्त वाटली, कारण इथले मोठे लोक मनापासून प्रेमळ आहेत आणि तरीही हे करतात.

आणि इथला बंडखोर. गावाबाहेर बाकेनेझुमी राहतात, उंदरांसारखे दिसणारे, बोलणारे जीव. ते माणसांना देव म्हणतात, कामं करतात, आणि जी वसाहत मर्जीतून उतरेल ती संपवली जाते. त्यांच्यातला स्क्विलर दर वेळी कमरेत वाकून, गोड आणि अदबीने बोलतो. शब्द तेच राहतात, त्याच्या मागचं दृश्य बदलत जातं. मातीच्या घरांच्या जागी काँक्रीटच्या इमारती येतात, राणीच्या हुकमाच्या जागी प्रतिनिधींची सभा. पहिल्या वेळी मी ते पाहिलं, पण त्यातून काही ओळखलं नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत गोदामावर एक कंत्राटी माणूस होता. तीन वर्षं त्याच्या तोंडून मी "हो साहेब" सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. एका सकाळी ते सगळे गेटवर बसले, आणि मागण्यांचा कागद त्याच्या हातात होता, त्याच्याच अक्षरात. ऑफिसात आम्ही एकमेकांना म्हणत होतो, हे अचानक कसं झालं? स्क्विलरला दुसऱ्यांदा बघताना मला तो कागद आठवत राहिला. ज्याला रोज वाकावं लागतं तो बंडाची तयारी अवतरणं देत करत नाही, "हो साहेब" म्हणत करतो. हे शिनसेकाई योरीला ठाऊक आहे.

स्क्विलरही काही संत नाही. त्याने आपल्याच राणीचं जे केलं ते बघवत नाही, आणि उन्हाळी उत्सवाच्या रात्री जे होतं त्यात निरपराध मरतात. पण शेवटाकडे त्याला भर न्यायसभेत एक प्रश्न विचारतात. तो आयुष्यात पहिल्यांदा अदब सोडून, ओरडून उत्तर देतो आणि अख्खी सभा हसते. ते हसू मालिका संपून वर्ष झालं तरी माझ्या कानातून गेलं नाही. सायको-पासमधलं माकिशिमाचं एकही वाक्य आज मला न बघता सांगता येणार नाही.

तुम्हाला पाठलाग, तपास आणि भागागणिक धक्का हवा असेल, किंवा घरात कोणाबरोबर बसून बघायचं असेल, तर सायको-पासचा पहिला सीझन खुशाल आधी घ्या. २२ भाग आहेत, गोष्ट तिथे पुरती होते, पुढचे सीझन नंतर बघितले तरी चालतील. शिनसेकाई योरी २५ भागांची आणि एकट्याने बघायची. घाई असेल तर नको. पण दोन आठवडे रोज रात्रीचे दोन भाग जमत असतील, तर मी तरी तीच लावेन.

मावसभावाने तीच लावलीय. काल त्याचा मेसेज आला, सातव्या भागापर्यंत पोचलाय. "तो स्क्विलर मदतीला धावून आला. बरा वाटतो, गरीब आहे बिचारा." मी एवढंच लिहिलं, "बघत राहा."