मुलांचं वेगळं पान, हाफ प्लेट की न मागताच येणारा मठ्ठा?

नागपूरच्या मनीषनगरात आमच्या भाऊजींचं साठ खुर्च्यांचं हॉटेल आहे. शनिवार-रविवारी गल्ल्यावर मी बसते. दिवाळीआधी नवं मेन्यूकार्ड छापायचं आहे. "वहिनी, मुलांचं एक पान टाकायचं का?" असं भाऊजींनी विचारलं, तेव्हापासून लेकरं असलेल्या प्रत्येक टेबलाकडे मी नीट बघते आहे. ज्यांच्या हॉटेलात हाच प्रश्न अडला असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते.

मागच्या रविवारी एका टेबलावर आई-बाबा, आजी आणि पाचेक वर्षांची मुलगी होती. आईनं विचारलं, "भैया, बच्ची के लिए फीका क्या है?" आमच्या पोऱ्यानं नेहमीचं सांगितलं, पनीर बटर मसाला कम तीखा, नाहीतर फ्रेंच फ्राईज. फ्राईज आल्या, सोबत कोल्ड्रिंक आलं. पोट भरलं तशी मुलगी आजीच्या मांडीवर कलंडली. मात्र त्याआधी ती आजीच्या ताटातल्या डाळभाजीत बोट बुडवून चाखत होती. तिला ती आवडत होती. तिच्यासाठी डाळभाजी सांगावी असं मात्र कोणालाच सुचलं नाही, कारण आम्हीच ती तशी विकत नव्हतो.

आणि "कम तीखा" म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात जाऊन बघा. लाल ग्रेव्ही सकाळीच तयार असते. त्यातलं तिखट काढता येत नाही, म्हणून मास्टर वरून क्रीम आणि काजूपेस्ट घालतो, चिमूटभर साखर टाकतो. जेवण फिकं होतं, हलकं होत नाही.

आता मुलांच्या वेगळ्या पानाचं बघू. ते दिसायला छान, मुलं चित्रांवर बोट ठेवतात, पालकांना वाटतं आपला विचार केला. अडचण अशी की गर्दीच्या वेळी परवडणारं तेच त्या पानावर जातं: नूडल्स, चीज सँडविच, फ्राईज. फ्राईजचं पाकीट फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने राहतं आणि चार मिनिटांत तळून होतं. हौसेनं नाचणीचा डोसा ठेवला, तर रात्रभरात चार ऑर्डरी निघतात आणि पीठ आंबून वाया जातं. महिनाभरानं मास्टरच म्हणतो, हे काढा. माझा खरा आक्षेप दुसरा आहे. हे पान मुलांचं असं सांगितलं की बाकीचं कार्ड आपलं नाही, हे पोट्टं तिथंच शिकतं.

खेळण्याचं आमिषही भाऊजींनी सुचवून पाहिलं. सॅन फ्रान्सिस्कोनं 2010 मध्ये नियम केला की जेवण पौष्टिकतेच्या निकषात बसत नसेल तर त्यासोबत खेळणं फुकट देता येणार नाही. तिथं मॅकडोनाल्ड्सनं खेळण्याचे वेगळे 10 सेंट घ्यायला सुरुवात केली आणि जेवण होतं तसंच राहिलं. आपण या वाटेला जायला नको.

हाफ प्लेटची गोष्ट वेगळी. वरण-भात, डाळभाजी-पोळी, मूगडाळीची खिचडी आपल्याकडे रोज होतेच. नवं सामान नाही, नवी कढई नाही. वरणाला फोडणी द्यायच्या आधी एक गंज (पातेलं) बाजूला काढून ठेवायचा, एवढंच. हॉटेलात पूर्ण प्लेट आली की मुलाचं उरलेलं आई-बाबा पोट भरल्यावरही संपवतात, नाहीतर ते टाकलं जातं. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1,360 कॅलरी लागतात, त्यामुळे मोठ्यांची प्लेट त्याच्यासाठी नाहीच. गल्ल्याच्या बाजूनं एकच सांभाळायचं: हाफचा भाव निम्मा ठेवू नका. गॅस, भांडी, वाढणं सगळं तेवढंच लागतं. साठ-पासष्ट टक्के ठेवला तर पालकांना खटकत नाही आणि आपलंही नुकसान होत नाही.

पण नुसत्या हाफ प्लेटनं कोल्ड्रिंक जात नाही, आणि सगळ्यात जास्त साखर तिथंच आहे. 300 मिलीच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. 1,360 कॅलरींच्या हिशेबानं 10 टक्के म्हणजे 34 ग्रॅम. एका बाटलीतच दिवसाची मर्यादा जवळजवळ संपते.

म्हणून माझं मत "न मागता काय येतं" ते बदलण्याकडे झुकतं. डिस्नेनं 2006 मध्ये आपल्या पार्कांतल्या मुलांच्या जेवणासोबत फ्राईज आणि सोड्याऐवजी फळं-भाज्या आणि कमी फॅटचं दूध, पाणी किंवा ज्यूस द्यायला सुरुवात केली. फ्राईज बंद केल्या नाहीत, मागितल्या की मिळत होत्या. पुढे फ्लोरिडातल्या पार्कांच्या विक्रीचा अभ्यास झाला, तेव्हा सुमारे 48 टक्के जेवणांत फळं-भाज्या आणि 66 टक्के जेवणांत पेय तसंच ठेवलेलं दिसलं. कॅलिफोर्नियात 2019 पासून मुलांच्या जेवणासोबत आपोआप पाणी किंवा साधं दूध द्यावं असा कायदाच आहे. कोणाला मनाई नाही, कोणाला उपदेश नाही. लेकरू रडत असताना टेबलावर वाद घालायची वेळ आईवर येत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे हे स्वस्तातही होतं. मठ्ठ्याचं दही रोज लावलेलंच असतं. फक्त मुलांच्या मठ्ठ्यात मिरची नको, मीठ अगदी थोडं, वरून जिरेपूड आणि चिमूटभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. फळांचं मात्र ऋतूप्रमाणे ठरवावं लागतं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. उन्हाळ्यात टरबूज, पावसाळ्यात केळी. नागपुरात बसून मुलांना डब्यातला ज्यूस पाजणं मला तरी पटत नाही. आणि एक काळजीची गोष्ट: चार वर्षांखालच्या मुलाला कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नका, घशात अडकतात. किसून किंवा वाफवून द्या.

मेन्यूवर कॅलरी छापण्याची सक्ती 10 किंवा त्याहून जास्त शाखांच्या साखळ्यांना आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (FSSAI) केंद्रीय परवाना असलेल्यांना आहे. एकट्या हॉटेलानं त्यात पैसा घालू नये.

तुमचं हॉटेल झणझणीत सावजी जेवणाचं असेल तर हाफ रस्सा मुलाला देता येणार नाही. तिथं उकडलेलं अंडं, भाकरी आणि साधं वरण एवढं वेगळं ठेवा. मॉलच्या फूड कोर्टात बर्गर-पिझ्झाच विकत असाल तर हाफ प्लेट कशाची करणार? तिथं निदान कॉम्बोतलं पेय बदला. बाकी फॅमिली हॉटेलांना मी हाफ प्लेट आणि मठ्ठा दोन्ही एकत्र करायला सांगेन.

आमच्या कार्डावर वेगळं पान नाही. सहा पदार्थांसमोर हाफचा भाव आहे आणि खाली एक ओळ: "मुलांच्या हाफ प्लेटसोबत मठ्ठा किंवा दूध आणि फळाच्या फोडी येतील. दुसरं काही हवं असल्यास सांगा." छपाईला अजून आठवडा आहे, पण पोऱ्यांना नवं उत्तर आजपासूनच पाठ करायला सांगितलं आहे. फीका क्या है, असं कोणी विचारलं की म्हणायचं, "वरण-भात देऊ की डाळभाजी-पोळी?"