कपातीच्या काळात स्वयंसेवी उड्डाण : सिव्हिल एअर पेट्रोल की कोस्ट गार्डचे सहायक दल?

अमेरिकेत राहून खासगी वैमानिकाचा परवाना मिळवलेल्या माणसाला आपले उड्डाण लोकांच्या उपयोगी पडावे असे वाटू लागले, की त्याच्यापुढे बहुधा दोन संस्थांची नावे येतात : सिव्हिल एअर पेट्रोल आणि कोस्ट गार्ड, म्हणजे तटरक्षक दल, याच्या सहायक दलाची हवाई शाखा. दोन्हींत काम विनावेतन आहे, दोन्हींत गणवेश आणि शिस्त आहे, आणि दोन्हींच्या उड्डाणांचा मोठा खर्च सरकारी तिजोरीतून येतो. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये खर्चाला कात्री लागली की तिची झळ दोन्हींना पोहोचते. मात्र ती वेगवेगळ्या जागी लागते, आणि निवड करणाऱ्याने सर्वांत आधी पाहावे ते हेच.

मुख्य भेद विमानाच्या मालकीचा आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आठवडाभर आधी, १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झालेले सिव्हिल एअर पेट्रोल १९४८ मध्ये कायद्याने हवाई दलाची सहायक संस्था ठरले. आज तिच्याकडे साडेपाचशेच्या आसपास एक-इंजिनी विमाने आहेत, त्यांतली बहुतेक सेसना १७२, १८२ आणि २०६ या जातीची. ही विमाने संस्थेची असतात, त्यांच्या खरेदीसाठी हवाई दलाच्या अंदाजपत्रकातून निधी मिळतो, आणि सदस्याने ती केवळ उडवायची असतात. तटरक्षक दलाचे सहायक दल १९३९ मध्ये सुरू झाले व त्याची हवाई शाखा १९४५ मध्ये उभी राहिली; तिथे मात्र विमान सदस्याचे स्वतःचे असते. तो ते तपासणी करून घेऊन सेवेसाठी देऊ करतो, आणि लेखी आदेशावर केलेल्या गस्तीचे इंधन व देखभालीचा ठरावीक भत्ता त्याला परत मिळतो.

आता कपात आली असे समजू. सिव्हिल एअर पेट्रोलमध्ये ती सरकारी खर्चाने मिळणाऱ्या तासांच्या रूपाने जाणवते : सरावाची उड्डाणे घटतात, जुनी विमाने बदलण्याचे लांबणीवर पडते, आणि एकाच विमानासाठी अनेक वैमानिक रांगेत उभे राहतात. सदस्याच्या खिशाला थेट चाट बसत नाही, पण हात बसलेला राहत नाही, आणि शोधकार्यात जमिनीपासून जेमतेम हजार फुटांवर संथ गतीने उडणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही. सहायक दलात आदेशच कमी निघतात. पण हँगरचे भाडे, विम्याचा हप्ता आणि वार्षिक तपासणी यांना कपात ठाऊक नसते. जो खर्च गस्तीच्या भत्त्यातून थोडाफार हलका होत होता, तो पुन्हा सगळा मालकाच्या माथी येतो. ज्यांचे विमान नाही ते दुसऱ्याच्या विमानात सहवैमानिक किंवा निरीक्षक म्हणून जाऊ शकतात, पण तेव्हा त्यांचे उड्डाण त्या मालकाच्या परवडण्यावर अवलंबून राहते.

पदरमोड करून काम चालू ठेवण्याची सोय दोन्हीकडे आहे. सिव्हिल एअर पेट्रोलचा वैमानिक इंधन आणि तासामागे ठरलेला देखभाल आकार स्वतः भरून संस्थेचे विमान सरावासाठी नेऊ शकतो, आणि हे बाजारभावाने विमान भाड्याने घेण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. सहायक दलात परतफेडीशिवायचे आदेश निघू शकतात. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे : अपघात झाल्यास मिळणारे सरकारी संरक्षण हे उड्डाण कोणत्या वर्गात नोंदले आहे किंवा कोणत्या आदेशाखाली झाले आहे यावर ठरते. हवाई दलाने नेमून दिलेली मोहीम आणि सदस्याने स्वखर्चाने केलेला सराव यांना या बाबतीत एकच माप लागत नाही. तेव्हा स्वखर्चाने उडण्यापूर्वी हा प्रश्न स्थानिक तुकडीत लेखी विचारून घ्यावा. कुटुंब असलेल्या माणसाने तर नक्कीच.

पैसा कोणत्या खात्यातून येतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सिव्हिल एअर पेट्रोलचा निधी संरक्षण खात्यामार्फत येतो, तर तटरक्षक दल २००३ पासून अंतर्गत सुरक्षा खात्याखाली आहे. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ या ३५ दिवसांच्या सरकारबंदीत, म्हणजे तरतुदीअभावी सरकारी कामकाज थांबले तेव्हा, हा फरक उघड दिसला. संरक्षण खात्याची तरतूद आधीच मंजूर झाली होती, अंतर्गत सुरक्षा खात्याची झाली नव्हती. परिणामी तटरक्षक दलाच्या जवानांचाच पगार अडकला, मग स्वयंसेवकांच्या गस्तींची काय कथा. उलट ऑक्टोबर २०१३ च्या बंदीत कोणत्याच खात्याची वार्षिक तरतूद मंजूर नव्हती, त्यामुळे संरक्षण खात्याची ही सावली कायमची आहे असे समजू नये. त्याच वर्षी मार्चपासून लागू झालेल्या सरसकट कपातीत हवाई दलाने आपल्या लढाऊ स्क्वाड्रनही जमिनीवर बसवल्या होत्या. तरीही गेल्या काही वर्षांचा कल पाहता सिव्हिल एअर पेट्रोलला प्रशासनाने मागितलेल्या रकमेपेक्षा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, अनेकदा अधिक दिले आहे, कारण प्रत्येक राज्यात तिची शाखा आहे आणि प्रत्येक सिनेटरला ती आपली वाटते.

कपातीत सर्वच कामांवर सारखी कुऱ्हाड पडत नाही. सिव्हिल एअर पेट्रोलची विमाने हवाई दलाच्या सरावात लढाऊ विमानांनी गाठण्याचे लक्ष्य म्हणून उडतात; ज्याला त्यांची गरज आहे तोच त्यांचा खर्च करतो, त्यामुळे ती उड्डाणे टिकण्याची शक्यता मला अधिक वाटते. चक्रीवादळानंतरचे हवाई छायाचित्रण आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेच्या पैशांवर चालते, म्हणजे तिथे त्या यंत्रणेचे अंदाजपत्रक पाहावे लागते. हरवलेल्या माणसांचा शोध लावणारे मोबाइल फोनच्या नोंदींचे विश्लेषण तर संगणकापुढे बसून होते आणि त्याला इंधन लागत नाही. माझ्या मते सर्वांत आधी गदा येण्याची भीती मुलांच्या परिचय-उड्डाणांना आहे, कारण ती पुढच्या महिन्यावर ढकलली तरी कोणाचा जीव जात नाही.

ही शेवटची बाब अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या पालकांना लागू पडते. सिव्हिल एअर पेट्रोलच्या कॅडेट विभागात बाराव्या वर्षापासून प्रवेश मिळतो. आपल्या एनसीसीच्या हवाई विभागाशी त्याचे बरेच साम्य आहे. सहायक दलाच्या सदस्यत्वासाठी सर्वसाधारणपणे किमान वय सतरा आहे. मुलाला बरोबर घेऊन जायचे असेल, तर उड्डाणे काही महिने रखडली तरी सिव्हिल एअर पेट्रोलच निवडावे. तिथे नागरिकत्व नसले तरी ग्रीन कार्डवर अर्ज करता येतो.

ज्याच्याकडे विमान नाही, त्यालाही मी तीच वाट सुचवीन. स्वतःचे विमान असलेल्या आणि समुद्रकाठी किंवा ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या परिसरात राहणाऱ्या अनुभवी वैमानिकाने सहायक दलाचा विचार जरूर करावा. तेलगळती शोधणे, दिशादर्शक बोयांची पाहणी करणे, हिवाळ्यात बर्फाची टेहळणी करणे या कामांचे समाधान निराळे आहे; मात्र वर्षभर एकही आदेश निघाला नाही तरी विमान पोसता येईल का, याचा हिशेब त्याने आधी मांडावा. अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि नवी तरतूद वेळेवर मंजूर न झाल्यास काही काळ मागील वर्षाच्याच पातळीवर भागवावे लागते. म्हणून कोणत्याही तुकडीला भेट द्याल तेव्हा गेल्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिथे प्रत्यक्ष किती उड्डाणे झाली, हे विचारा. उन्हाळ्यातल्या आकड्यांवर जाऊ नका.