वजनकाटा, दोन कुत्री आणि नऊ महिने

हा वजनकाटा मी कुत्र्यांसाठी घेतलाच नव्हता. केक करायची हौस आली होती. ती तीन केकांत फिटली आणि काटा ओट्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडला. नऊ महिन्यांपूर्वी ढमीची वार्षिक तपासणी होती. डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला, वजन बघितलं, २८ किलो, आणि विचारलं, "रोज किती ग्रॅम खाणं देता?"

"दोन्ही वेळेला एकेक मापटं," मी म्हटलं.

"मापटं म्हणजे किती ग्रॅम?"

मला सांगता येईना. गंमत म्हणजे त्याच महिन्यात मी कुत्र्यांचा खर्च कुठून कमी करता येईल या विवंचनेत होते. स्वस्तातली पिशवी आणून झाली होती, खेळणी बंद करून झाली होती, मोठी पिशवी घेतली की किलोमागे स्वस्त पडते म्हणून तेही करून झालं होतं. आणि रोज भांड्यात किती पडतं, हे मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं.

काटा अगदी साधा आहे. सपाट काच, ५ किलोपर्यंत वजन, १ ग्रॅमचा फरक दाखवतो, शून्य करायचं एक बटण. त्या संध्याकाळी मी घरातल्या तिघांना सांगितलं, नेहमी भरता तसं मापटं भरा. माझं १५२ ग्रॅम भरलं. नवऱ्याचं १७६. बाबांचं २०३. "सपाटच भरलंय की गं," असं बाबा अजूनही म्हणतात. सकाळचं खाणं बाबा घालतात, संध्याकाळी आम्हा दोघांपैकी जो मोकळा असेल तो. म्हणजे ढमीला दिवसाला ३७० ग्रॅमच्या आसपास जात होतं. पिशवीवरच्या तक्त्यात २८ किलोसाठी ३०० लिहिलंय, आणि डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार तेही तिला जास्तच होतं. कारण कुत्रं आज किती किलोचं आहे ती ओळ आपण वाचतो. ते किती किलोचं असायला हवं ती ओळ वाचायची असते.

हे फक्त आमच्याच घरात होतं असं नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने २०१९ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. १०० कुत्रापालकांना मापटी देऊन ठरलेलं कोरडं खाणं मोजायला सांगितलं. कुणी हवं त्याच्या निम्मं भरलं, तर कुणी अडीचपट. ते वाचून बाबांवरचा राग जरा उतरला.

मग गणित. हे डॉक्टरांनीच एका कागदावर करून दाखवलं आणि साध्या कॅल्क्युलेटरवर जमतं, म्हणून देते. कुत्र्याचं जे वजन असायला हवं त्या आकड्याला त्याच आकड्याने दोनदा गुणायचं, उत्तराचं वर्गमूळ काढायचं, त्याचं पुन्हा वर्गमूळ, आणि ७० ने गुणायचं. ढमीसाठी २४ किलो धरले: २४ चा घन १३,८२४, पहिलं वर्गमूळ ११७.६, दुसरं १०.८४, गुणिले ७० म्हणजे जवळजवळ ७६०. एवढ्या किलोकॅलरी नुसतं पडून राहायला लागतात. नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात. वजन उतरवायचं असेल तर गुणायचंच नाही, ७६० च्या आसपासच राहायचं. अर्थात हा आकडा सुरुवातीपुरता. सारख्याच वजनाच्या दोन कुत्र्यांची भूक आणि गरज बरीच वेगळी असू शकते, म्हणून पुढचा कौल काट्याचा आणि बरगड्यांचा.

आम्ही एकदम खाली गेलो नाही. ढमीला आधी २६० ग्रॅम, तीन आठवड्यांनी २४०. सहा महिन्यांत चार किलो उतरले. डॉक्टरांच्या मते हा वेग संथ होता, पण चालेल. पहिले दहा दिवस वाईट गेले, ते लपवत नाही. ती रिकाम्या भांड्यापाशी बसून आमच्याकडे असं बघायची की जणू आम्ही तिचं घरदार विकलं. भांडं बदललं, कोडं सोडवत खायचं खाचांचं भांडं आणलं, तेव्हा दोन मिनिटांचं जेवण पंधरा मिनिटं पुरायला लागलं आणि बघणं कमी झालं. एक सांगते: कुत्रं जाड आहे म्हणजे खातंच जास्त, असं दर वेळी नसतं. थायरॉइड मंदावलं तरी वजन वाढतं. तपासणी न करता खाणं कापू नका.

आता ती २४ किलोवर आहे आणि २७० ग्रॅमवर टिकून आहे. टिंबू हा आमचा दुसरा कुत्रा, सहा किलोचा, त्याचं ११५ वरून १०० वर आलं. बेरीज करून बघा. पूर्वी ढमी एकटी ३७० खायची. आता तेवढ्यातच दोघं जेवतात. १२ किलोची पिशवी पूर्वी २५ दिवसांत संपायची, आता ३२ दिवस जाते. ब्रँड तोच, पिशवी तीच.

टिंबूच्या बाबतीत काटा जास्त गरजेचा निघाला, हे मला आधी सुचलंच नव्हतं. ढमीच्या भांड्यात १५ ग्रॅम जास्त पडले तर फारसं बिघडत नाही. टिंबूच्या भांड्यात तेच १५ ग्रॅम म्हणजे दिवसाच्या खाण्याचा सातवा हिस्सा.

आता खाऊ. इथे घरात भांडण झालं. नियम असा की खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. टिंबूसाठी हे चाळीसेक किलोकॅलरी होतात. दात साफ ठेवणारी म्हणून मिळते ती चघळायची कांडी मी रोज द्यायचे. तिच्या पाकिटावर बारीक अक्षरात ७० लिहिलेलं निघालं. आणि बाबांच्या खिशातली बिस्किटं वेगळीच. "मी एकच दिलं गं." खरंच एकच देतात. दर वेळी एकच.

यावर तोडगा काट्यानेच दिला. खाण्याचा डबा काट्यावर ठेवायचा, बटण दाबून शून्य करायचं आणि डब्यातून दाणे काढत जायचं. काटा उणे ३० दाखवेपर्यंत ढमीचे, उणे १० पर्यंत टिंबूचे. हे दाणे रोजच्या खाण्यातूनच वजा झालेले, आणि ते बाबांच्या छोट्या डबीत जातात. डबी संपली की दिवसाचा खाऊ संपला. कुत्र्यांना हातातून मिळालं की बिस्किटाचं आणि रोजच्या दाण्याचं कौतुक सारखंच असतं, हे बाबांना पटायला आठवडा लागला. मधूनमधून गाजराचा तुकडा चालतो. खाऊची पाकिटं मी गेल्या पाच महिन्यांत घेतलेली नाहीत, आणि खरं सांगायचं तर खाण्याच्या पिशवीपेक्षा ही बचत जास्त जाणवली, कारण ती पाकिटं किलोच्या हिशोबाने फार महाग पडतात. शिकवणीसाठी मात्र काहीतरी वासाचं, मऊ लागतंच. तेवढं ठेवलंय, शेंगदाण्याएवढे तुकडे करून.

काटा हाताशी आल्यावर आधीच्या दोन चुकाही कळल्या.

पहिली, स्वस्तातली पिशवी. आमच्या नेहमीच्या खाण्यात १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी आहेत, त्या पिशवीत ३२० होत्या. म्हणजे तेवढंच पोट भरायला २७० ऐवजी ३२० ग्रॅम लागणार. किलोमागे निदान १६ टक्के स्वस्त असती तर कुठे बरोबरी झाली असती. तेवढी ती नव्हती. शिवाय शीचे ढीग वाढले, ते उचलायच्या पिशव्या जास्त लागल्या. वर मी ती एका दिवसात बदलली होती, हळूहळू सात ते दहा दिवसांत मिसळत नेली नव्हती. टिंबूला जुलाब झाले आणि जे वाचणार होतं ते दवाखान्यात गेलं. तेव्हापासून मी किलोचा भाव बघतच नाही. भाव भागिले कॅलरी, म्हणजे हजार किलोकॅलरी कितीला पडतात ते काढते. ओल्या डब्यांचा हिशोब तर आणखी डोळे उघडणारा आहे, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. पाणी कमी पिणाऱ्या कुत्र्याला त्याचा उपयोग आहे, पण पाण्याचे पैसे देतोय हे ठाऊक असावं.

दुसरी चूक, २० किलोची पिशवी. उघडल्यापासून साधारण सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी घ्यावी, कारण हवा लागली की दाण्यांवरची चरबी खवट होते. आता आमच्याकडे २० किलो संपायला ५४ दिवस लागतील. तेव्हा शेवटचे दोन किलो कुत्र्यांनी हुंगून सोडले होते आणि मला वाटलं होतं, नखरे करतायत. वर मी दाणे थेट प्लास्टिकच्या डब्यात ओतायचे. डब्याच्या कडांना जुनं तेल चिकटून राहतं आणि नव्या मालालाही वास लागतो. आता मूळ पिशवी तोंड दुमडून तशीच्या तशी डब्यात ठेवते. तारीख आणि बॅच नंबरही त्यामुळे हाताशी राहतो.

एक फायदा अनपेक्षित होता. आम्ही गोचिडांसाठी जी गोळी देतो, तिचे वजनाचे गट आहेत आणि एक गट २५ किलोला संपतो. ढमी त्या रेषेच्या खाली आली आणि गोळी एका मापाने लहान झाली. इथे एक मोह होतो, मोठ्या कुत्र्याची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध दोन लहान कुत्र्यांत वाटून द्यायचा. ते करू नका. औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही, आणि थेंबाच्या औषधात अंदाज चुकला तर लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्यांचं औषध जवळपासही नको.

लस, वार्षिक तपासणी आणि गोचिडांचं औषध यांवर मी काट मारलेली नाही. मात्र डॉक्टरांना एक विचारलं, प्रत्येक लस दर वर्षी लागते का? डिस्टेंपर, पार्व्हो आणि अॅडिनोव्हायरस यांच्या लसी पिल्लूपणीचा क्रम नीट पूर्ण झाला की साधारणपणे तीन वर्षांनी पुरतात. लेप्टोस्पायरोसिसची दर वर्षी लागते. रेबीजची कायदा आणि लस सांगेल तशी. विचारल्याशिवाय हे कुणी आपणहून सांगत नाही. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊन फेरी वाचवायचा विचार तर मनातही आणू नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याची मूत्रपिंडं जातात.

दात मी घरी घासते. दातांवरचा मऊ थर एक ते तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा घासून उपयोग नाही, रोज हवं. भूल देऊन दात साफ करणं हा मोठा खर्च आहे आणि तो मला लांबवायचाय. आपली पेस्ट नको, काहींत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विष आहे. नखंही घरीच कापते. पहिल्यांदा रक्त आलं, आता येत नाही.

परत काट्याकडे, कारण हे त्याच्याविषयी लिहायला बसले होते. तक्रारी आहेत. दोन मिनिटांत आपोआप बंद होतो. मध्येच दाराची बेल वाजली की पुन्हा शून्यापासून. ढमीचं भांडं काचेपेक्षा मोठं असल्याने आकडा झाकला जातो, म्हणून आधी वाटीत मोजून मग भांड्यात ओतावं लागतं. बटणाच्या फटीत केस जाऊन ते दोनदा अडकलं, टूथपिकने काढलं. आणि ढमीने एकदा काटाच चाटून साफ केला, तेव्हापासून आकडा यायला जरा वेळ लागतो. कुत्र्याचं वजन करायला अर्थातच हा कामाचा नाही. टिंबूला उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. ढमीला उचलणं माझ्या कमरेला झेपत नाही, तिला महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या जमिनीवरच्या काट्यावर नेते. नुसतं वजन करायचे पैसे आमच्याकडून आजवर कुणी घेतलेले नाहीत.

प्युरिना या खाणं बनवणाऱ्या कंपनीने ४८ लॅब्राडॉरांवर १४ वर्षं चालवलेला एक अभ्यास आहे, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या; जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री साधारणपणे १.८ वर्षं जास्त जगली. ढमीचं खाणंही जवळपास पाव हिस्साच कमी झालंय. खाणं विकणाऱ्यांनीच हे शोधून काढावं याची मला मजा वाटते.

पुन्हा घ्यायचा झाला तर याच प्रकारचा घेईन, फक्त बटणं काचेखाली बंद असलेला आणि आकडा पुढच्या बाजूला येणारा. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्यावर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. मापटं आम्ही टाकून दिलेलं नाही; बाबांनी त्यावर १३५ ग्रॅमची रेघ मार्करने आखलीय आणि काट्याशिवाय बरोबर भरून दाखवायची ते रोज सकाळी पैज लावतात. काल १४१ निघाले.