मोटरहोमच्या टायरांसाठी कंप्रेसर: ८८पी, ४००पी-आरव्ही की ४५०पी-आरव्ही?

फोर्ड ई-४५० चॅसिसवरची सहा चाकांची क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली) मोटरहोम असेल, तर टायरात हवा भरण्यासाठी व्हायएअर कंपनीच्या या तीन कंप्रेसरांपैकी ४००पी-आरव्ही घ्यावा. अमेरिकेत कुटुंबासह फिरणारी बरीच मराठी मंडळी याच वर्गातली गाडी घेतात किंवा भाड्याने काढतात, म्हणून निकाल आधीच सांगितला. आता कारणे. ती समजली की दुसऱ्या कंपनीचे यंत्रही तुम्हाला स्वतःच पारखता येईल.

या गाडीला एलटी २२५/७५ आर१६, लोड रेंज ई (जड भार पेलणारा प्रकार), असे टायर असतात. पुढे दोन, मागे जुळ्या जोड्यांनी चार. ८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला हा टायर एकटा असताना २,६८० पौंड पेलतो आणि जोडीत असताना २,४७०. म्हणजे मागचे चार मिळून ९,८८० पौंड. मागच्या आसाची मर्यादा ९,६०० पौंड आहे. मधे उरतात फक्त २८० पौंड, किलोत सांगायचे तर सव्वाशेच्या आसपास. पाण्याची टाकी, जनरेटर, सामानाचे कप्पे हे सगळे बहुतेक मागच्याच आसावर येते. मोटारीत पाचसात पीएसआय कमी असले तरी मायलेज घटण्यापलीकडे चटकन काही जाणवत नाही. इथे तेवढ्याने टायर क्षमतेबाहेर राबतो, तापतो आणि उन्हाळ्यात महामार्गावर त्याचे थर सुटू लागतात.

हवा गळत नसतानाही दाब उतरतो, हे फिरतीवर नीट कळते. लास व्हेगासला ४० अंश सेल्सिअसमध्ये ८० पीएसआय भरून ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर गेलात आणि सकाळी तिथे ५ अंश असले, तर गेजवर, म्हणजे दाबमापकावर, ७२च्या आसपास आकडा दिसेल. ८० पीएसआयच्या टायरात दर १० अंशांना सुमारे ३ पीएसआयचा फरक पडतो. उंचीमुळे यातले थोडे भरून निघते, कारण दर हजार फुटांना बाहेरचा दाब साधारण अर्धा पीएसआय घटतो आणि गेज तेवढे जास्त दाखवते. म्हणून हवा भरायचे यंत्र गाडीतच हवे. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या यंत्रांचा जोर बऱ्याचदा ८० पर्यंत पोहोचतच नाही, आणि तीस फुटी गाडी त्या कोपऱ्यात वळवणे हा वेगळाच खटाटोप. शिवाय तिथवर पोहोचेपर्यंत टायर गरम झालेले असतात आणि मोजमाप निरुपयोगी ठरते.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे. सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला कमाल दाबाचा आकडा निवडीसाठी सगळ्यात कमी उपयोगाचा. चाळीस डॉलरच्या खेळण्यावरही १५० पीएसआय लिहिलेले असते, आणि ते खोटेही नसते: सायकलच्या बारक्या ट्यूबमध्ये ते तेवढा दाब आणतेच. तुम्हाला लागणाऱ्या दाबाच्या सव्वापट कमाल दाब असला की तो आकडा विसरून जा. बघायच्या गोष्टी दोन: ८० पीएसआयच्या विरोधात यंत्र मिनिटाला किती हवा ढकलते, आणि किती वेळ सलग चालते.

या टायरात साधारण ५५ ते ६० लिटर जागा असते, म्हणजे लहान मोटारीच्या टायराच्या दुप्पट. ७२ वरून ८० वर न्यायला बाहेरची सुमारे ३० लिटर हवा आत दाबावी लागते. सहा टायरांचे झाले १८० ते १९० लिटर. यंत्रावर छापलेला प्रवाह मोकळ्या तोंडाचा असतो, समोर काहीच दाब नसतानाचा. ८० पीएसआयला तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. त्यामुळे ३५ लिटर प्रति मिनिट लिहिलेले स्वस्त यंत्र इथे दहाबारा लिटरच देते आणि एकूण पंधरा-अठरा मिनिटे धापा टाकत राहते. तेवढ्यात सिलिंडर इतका तापतो की आतली उष्णता-कळ वीज तोडते. कळ नसेल तर पिस्टनची सील जाते.

८८पीचा मोकळा प्रवाह १.४७ घनफूट प्रति मिनिट (साधारण ४२ लिटर), कमाल दाब १२० पीएसआय, वीज २० अँपिअरपर्यंत. जीप आणि पिकअपच्या ३५-४० पीएसआयच्या रुंद टायरांसाठी हे उत्तम यंत्र आहे. चार चाकांच्या कॅम्परव्हॅनलाही चालून जाईल. सहा चाकांच्या गाडीत मात्र शेवटच्या दोन टायरांना ते दमते आणि नळीही अपुरी पडते.

४००पी-आरव्हीचा प्रवाह २.३० घनफूट, म्हणजे ६५ लिटर, कमाल दाब १५० पीएसआय, वीज ३० अँपिअरपर्यंत. सलग चालण्याचे प्रमाण १०० पीएसआयला ३३ टक्के: अर्ध्या तासात दहा मिनिटे काम, वीस मिनिटे विश्रांती. हा ३३ टक्क्यांचा आकडा वाचून पुष्कळ जण दचकतात आणि जास्त पैसे टाकून ४५०पी-आरव्ही घेतात, ज्याचे प्रमाण १०० टक्के आहे. पण वरचा हिशेब पुन्हा बघा. ८०च्या विरोधात ४००पी मिनिटाला २५ ते ३० लिटर देत असेल, तर सहाही टायरांचे काम सात-आठ मिनिटांत उरकते आणि विश्रांतीची वेळ येतच नाही. शिवाय ४५०पीचा प्रवाह १.८ घनफूट, म्हणजे कमीच. क्लास सीसाठी ४५०पी घेणे म्हणजे जास्त पैसे देऊन हळू यंत्र घेणे.

कंपनी हे प्रमाण ७२ अंश फॅरेनहाइटच्या हवेत मोजते, हे मात्र लक्षात ठेवा. ॲरिझोनाच्या दुपारी तीच दहा मिनिटे सात-आठ धरावीत. उंचीवर हवा विरळ असल्याने सात हजार फुटांवर पिस्टनच्या प्रत्येक फेरीत वीसेक टक्के हवा कमी आत येते. पहाटे, गाडी हलवण्याआधी काम केले की यातली निम्मी अडचण संपते.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा असतो. सॉकेटवर चालणारे यंत्र त्या मर्यादेत, म्हणजे दीड-दोनशे वॅटमध्येच अडकलेले असते. नाव कोणतेही असो, त्याच्याकडून ८० पीएसआयला वेगाची अपेक्षा करू नये. ३० अँपिअरचे यंत्र थेट बॅटरीवर चिमट्यांनी जोडावे लागते. लाल चिमटा धन टोकाला आधी, काळा नंतर आणि बॅटरीपासून थोडा दूर, चॅसिसच्या उघड्या धातूला. ठिणगी पडली तरी बॅटरीच्या वायूजवळ पडत नाही. इंजिन चालू ठेवावे. मग १२ ऐवजी १४च्या आसपास व्होल्ट मिळतात आणि यंत्राचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो.

मागच्या चाकापर्यंत पोहोचण्यासाठी वायर वाढवण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. वाढवायची ती नळी. घरातल्या १६ गेज जाडीच्या वायरने वीस फूट वाढवले, तर ३० अँपिअरला जवळपास ५ व्होल्ट वायरीतच जिरतात. वायर तापते, मोटर गुरगुरते आणि फ्यूज उडतो. नळी वीस फूट वाढवली तर या प्रवाहाला नगण्य फरक पडतो. ४००पी-आरव्हीचे नाव जिथे सार्थ होते ती जागा हीच: तीस-तीस फुटांच्या दोन वेटोळ्या नळ्या. वेटोळी नळी पूर्ण लांबीला ताणली की परत ओढते आणि व्हॉल्व्हवर भार येतो, म्हणून साठ फूट हे प्रत्यक्षात पंचेचाळीसेक धरावे. क्लास सीला ते पुरते.

खरी कसोटी जुळ्या चाकांशी असते. बाहेरच्या चाकाचा व्हॉल्व्ह आतल्या बाजूला तोंड करून असतो. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या रिमच्या भोकातून जेमतेम दिसतो. साधे सरळ नोझल दोन्हीकडे निकामी. हवे ते लांब दांड्याचे, दोन तोंडांचे, एक तोंड पुढे आणि एक मागे वळलेले. यंत्रासोबत आलेले नोझल तुमच्या रिमच्या भोकातून जाते का, हे घरीच बघून घ्या. स्टीलची शोभेची झाकणे असतील तर हमखास अडते.

इथे लोक वेणीदार लवचीक व्हॉल्व्ह-एक्स्टेंशन लावून मोकळे होतात. आम्ही ती सुचवत नाही. दर एक्स्टेंशनमागे एक जास्तीचा सांधा, आणि ती लावल्यावर टायराची मूळ व्हॉल्व्ह-पिन सतत दाबलेली राहते. म्हणजे नळीला चीर गेली की अख्खा टायर रिकामा, तोही आतला, जो चालकाला दिसत नाही. टायर बदलताना धातूचे लांब, वळवलेले व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत. साधा रबरी टीआर४१३ व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. ८० साठी किमान टीआर६००एचपी लागतो. टायर बदलणाऱ्याने चुकून मोटारीचा व्हॉल्व्ह बसवला असेल, तर चांगले यंत्र घेऊन काहीच साधणार नाही.

यंत्राच्या गनवरचे गेज हवा चालू असताना जास्त दाखवते. ट्रिगर सोडा, काटा स्थिरावू द्या, मग वाचा. अंतिम आकडा वेगळ्या, दोन तोंडांच्या हातगेजवर तपासावा, आणि त्या गेजची पट्टी ८०च्या बरीच पुढे, किमान १२० पर्यंत असावी. ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेल्या ४००पी-आरव्हीचा अर्थ एवढाच की ट्रिगर सोडला की मोटर थांबते. ठरवलेल्या दाबाला टायर भरून स्वतःहून थांबणे ही वेगळी सोय, ती यात नाही. काम झाल्यावर पितळी जोडाला लगेच हात लावू नका, चांगलाच चटका बसतो.

आता ४००पीच्या पर्यायांविषयी. खिशात मावणारी बॅटरीवरची यंत्रे, उदाहरणार्थ शाओमीचे १५० पीएसआयचे, मोटारसायकलला आणि मोटारीला छान. त्यात १४.८ वॅट-तासांची बॅटरी असते. मोटरहोमच्या एका टायरात आठ पीएसआय वाढवायला नुकसान धरून साधारण ७ वॅट-तास लागतात. दोन टायर झाले की संपले. १८ व्होल्टच्या ड्रिलची ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॅट-तासांची असते, त्यामुळे मिलवॉकी किंवा डिवॉल्टचे बॅटरीवरचे यंत्र सहा टायरांना ऊर्जेच्या हिशेबाने पुरते. घरात त्या कंपनीच्या बॅटऱ्या आधीच असतील तर हा पर्याय गंभीरपणे घ्यावा; नळी मात्र आखूड असते आणि जुळ्या चाकांचे नोझल वेगळे घ्यावे लागते.

वेगात सगळ्यांना मागे टाकतो तो १२० व्होल्टचा टाकीवाला कंप्रेसर. पोर्टर-केबलचा सहा गॅलनवाला ९० पीएसआयला २.६ घनफूट देतो, म्हणजे ४००पी मोकळ्या तोंडाने देतो त्याहूनही जास्त. पण वजन ३० पौंड, आवाज मोठा, आणि जनरेटर किंवा कॅम्पग्राउंडची वीज हवी. राष्ट्रीय उद्यानांत जनरेटरला ठराविकच वेळ असते, नेमकी पहाट त्यात नसते. घराच्या अंगणात ठेवायला उत्तम, गाडीत वाहून नेण्याजोगा नाही.

४५०पी-आरव्हीची जागा क्लास ए, म्हणजे बसएवढ्या मोटरहोममध्ये. २२.५ इंची टायरात १४० लिटरच्या घरात हवा मावते आणि दाब ११० च्या पुढे जातो. तिथे वीस-पंचवीस मिनिटे सलग चालावे लागते, आणि ते ३३ टक्क्यांच्या यंत्राचे काम नव्हे. डिझेल क्लास एमध्ये एअर ब्रेकची टाकी असते आणि तिच्यातून हवा घेता येते. पण त्या टाकीचा दाब साधारण १०० आणि १२५च्या मध्ये वरखाली होतो, त्यामुळे ११०चा टायर भरताना अर्धा वेळ टायरच जास्त दाबाचा असतो.

ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्क्यांहून जास्त उतरलेल्या टायरात, म्हणजे ८०च्या टायरात ६४च्या खाली, स्वतः हवा भरू नका. त्या अवस्थेत तो चालला असेल तर बाजूच्या भिंतीतले मजबुतीचे धागे तुटलेले असू शकतात आणि भरताना भिंत फाटू शकते. टायर काढून आतून तपासून घ्यावा. एरवीही भरताना टायरासमोर न बसता बाजूला, नळीच्या लांबीवर उभे राहावे.

महाराष्ट्रात टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅराव्हॅनसाठी हाच हिशेब लागू पडतो: दारावरच्या पट्टीवरचा दाब, चाकांची संख्या, बॅटरी ते मागच्या चाकाचे अंतर. पंक्चरवाल्याकडे हवा भरलीत तरी आपल्या गेजने मोजा. बसच्या चॅसिसवरची गाडी असेल, तर आधी बॅटरीचे व्होल्ट बघा. तिथे बऱ्याचदा २४ व्होल्टची यंत्रणा असते आणि १२ व्होल्टचे यंत्र त्यावर लावले की मोटर जळू शकते. दोन बॅटऱ्यांतल्या एकीवरच चिमटे लावणे हा उपाय नाही. दोघींचा भार असमान होऊन त्या लवकर खराब होतात. अशा गाडीसाठी २४ व्होल्टचेच यंत्र मागवावे.