ठाणे खाडीचा गाळ: कार्बनचे कोणते माप घ्यावे?

ठाणे खाडीच्या गाळात सूक्ष्मजीव काय करीत आहेत, हे कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांच्या प्रमाणावरून ओळखू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तीन मापे असतात: सेंद्रिय कार्बन, कणांमधल्या पाण्यात विरघळलेला अजैव कार्बन आणि मिथेन. हे प्रमाण ठरावीक प्रमाणकापासून दर हजारी किती वेगळे आहे, ते त्याचे ‘मूल्य’; ते जितके उणे तितका कार्बन-१३ कमी, म्हणजे कार्बन ‘हलका’, आणि उलट असल्यास ‘जड’.

सेंद्रिय कार्बन सर्वांत सोपा. गाळ वाळवून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने शिंपल्यांचा चुना काढला की नमुना टिकतो. सागरी प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) मूल्य साधारण उणे २० ते २२ दर हजारी आणि तिवरांच्या पानांचे उणे २६ ते ३० असल्याने पदार्थ कोठून आला ते कळते. मात्र सांडपाण्याचे मूल्य बहुधा या दोहोंच्या मधेच पडते, त्यामुळे या खाडीत तेही धूसर होते. आणि जिवाणूंनी पुढे काय केले, याचा तर येथे फारसा मागच लागत नाही.

विरघळलेला अजैव कार्बन अधिक बोलका आहे. समुद्राच्या पाण्यात त्याचे मूल्य शून्याच्या आसपास असते. सल्फेट वापरणारे जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवू लागले की ते उणे बाजूला सरकते, तर त्याखालच्या थरात मिथेन बनवणारे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) हलका कार्बन उचलून नेतात आणि मागे उरलेला जड होत शून्याच्या वर जातो. दोहोंच्या सीमेवर सल्फेटच्या साहाय्याने मिथेनचे ऑक्सिडीकरण होते, तेथे मूल्य पुन्हा खाली कोसळू शकते. गोम अशी की उणे २० हा आकडा निव्वळ सल्फेट-क्षपणातून (जिवाणूंनी सल्फेट वापरून पदार्थ कुजवण्यातून) येतो तसाच मिथेनचा हलका आणि खालचा जड कार्बन मिसळूनही येतो. म्हणून त्याच पाण्यातले सल्फेट मोजल्याशिवाय तो वाचू नये. पावसाळ्यात ठाण्याच्या टोकाला गोडे पाणी वाढून सल्फेट घटते, हेही ध्यानात ठेवावे.

मिथेनचे मूल्य उणे ६० च्या खाली असेल तर तो सूक्ष्मजीवांचा म्हणता येतो, पण ऑक्सिडीकरणातून उरलेला मिथेन जड होऊन फसवतो. शिवाय नमुन्यासाठी गाळात खुपसलेली नळी वर काढताच वायू निसटतो. टोक कापलेल्या सिरिंजने होडीतच गाळ घेऊन कॉस्टिक सोड्याच्या बाटलीत बूच लावून बंद करावा लागतो.

एकाच मापाचा खर्च झेपणार असेल तर मी अजैव कार्बन आणि सोबत सल्फेट निवडेन. तिवरांच्या कडेचा गाळ असल्यास मात्र मिथेन टाळू नये, कारण तेथे मिथिलअमाइनसारख्या संयुगांपासून सल्फेट असतानाही मिथेन बनू शकतो, आणि तो अजैव कार्बनच्या आलेखात सहज लपून राहतो.