लेंटिव्हायरसचा चार प्लास्मिडांचा संच: जनुक कायमचं बसतं, जागा मात्र आपल्या हातात नसते

मानवी पेशीच्या डीएनएत एखादं जनुक कायमचं बसवायचं असेल, तर तिसऱ्या पिढीचा लेंटिव्हायरल संच (एचआयव्हीपासून बनवलेलं, जनुक वाहून नेणारं साधन) आजही सर्वांत भरवशाचा आहे. अ‍ॅडजीन या प्लास्मिड पुरवणाऱ्या संस्थेच्या संग्रहात त्याचे तीन सहायक प्लास्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) मिळतात: पीएमडीएलजी/पीआरआरई, पीआरएसव्ही-रेव्ह आणि पीएमडी२.जी. चौथा, म्हणजे आपलं जनुक वाहून नेणारा, गरजेप्रमाणे निवडायचा.

बहुतेकांची गाडी या चौथ्यावरच अडते. या पिढीत एचआयव्हीचं टॅट, म्हणजे विषाणूची जनुकं जोमात चालवणारं जनुक, नाही. त्यामुळे वाहक प्लास्मिडच्या सुरुवातीच्या एलटीआरमध्ये (विषाणूच्या जनुकसंचाच्या दोन्ही टोकांना असणाऱ्या सारख्या तुकड्यांपैकी एकात) आरएसव्ही किंवा सीएमव्ही या विषाणूंचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) हवाच. दुसऱ्या पिढीचा, टॅटवर अवलंबून असलेला वाहक यात वापरला, तर विषाणू जवळजवळ तयारच होत नाही. दोन एलटीआरमधला मजकूर ९ हजार बेसच्या पुढे गेला की टायटर (द्रवातलं कामाच्या विषाणूंचं प्रमाण) झपाट्याने घसरतं.

प्लास्मिड जिवाणूंत भरलेले येतात. आधी प्लेटवर पसरून सुटी वसाहत उचला. एलटीआर एकसारखे असल्याने जिवाणूत त्यांची आपसात जुळणी होऊन मधला भाग गळतो. म्हणून वाहकासाठी एसटीबीएल३ हाच जिवाणूंचा वाण, ३० अंशांवर वाढवलेला, आणि दर वेळी एन्झाइमने कापून तपासणी.

१० सेंमीच्या डिशला वाहक १० मायक्रोग्रॅम, पीएमडीएलजी ५, रेव्ह २.५ आणि पीएमडी२.जी ३ हे प्रमाण चांगलं चालतं. पीईआय (डीएनए पेशीत शिरवणारं रसायन) डीएनएच्या तिप्पट वजनाने घ्या. विषाणू बनवणाऱ्या एचईके२९३टी या मानवी पेशींनी डिशचा ७० ते ८० टक्के पृष्ठभाग व्यापलेला असावा. दुसऱ्या दिवशी पेशी एकमेकींत विरघळून मोठे गोळे दिसले, तर घाबरू नका; व्हीएसव्ही-जी हे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन (पीएमडी२.जीमधून येणारं) बनतंय याची ती खूण आहे. ४८ आणि ७२ तासांनी द्रव काढा आणि ०.४५ मायक्रॉनच्या पीईएस गाळणीतून गाळा. ०.२२ ची गाळणी नको, त्यात विषाणू वाया जातो. छोट्या नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवा; वितळवून पुन्हा गोठवलं की टायटर पडतंच.

विषाणू आपल्या हव्या त्या पेशीत शिरल्यावरचं काम विलक्षण सुबक आहे. आरएनएपासून दुपदरी डीएनए बनतो. मग इंटिग्रेज हे विषाणूचं एन्झाइम त्याच्या दोन्ही ३' टोकांची दोन-दोन न्यूक्लिओटाइड छाटतं आणि ती टोकं यजमान डीएनएच्या दोन धाग्यांना ५ बेसच्या अंतराने जोडतं. उरलेल्या फटी पेशीची दुरुस्ती यंत्रणा बुजवते, म्हणून घुसलेल्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना तेच ५ बेस दोनदा दिसतात.

जागा आपण ठरवत नाही. पेशीतलं एलईडीजीएफ/पी७५ हे प्रथिन इंटिग्रेजला धरून चालू जनुकांच्या अंगात नेतं. उंदरांच्या ल्युकेमिया विषाणूवर आधारलेले जुने वाहक जनुकांच्या सुरुवातीपाशी बसायचे. एक्स-एससीआयडी या जन्मजात प्रतिकारशक्ती-अभावाच्या आजाराच्या उपचारात काही मुलांमध्ये एलएमओ२ जनुक चेकाळून ल्युकेमिया झाला, तो याच वाहकांमुळे. आपल्या लेंटिव्हायरल वाहकात ३' (शेवटच्या) एलटीआरमधला प्रमोटर काढलेला असल्याने बसल्यानंतर एलटीआर मुका राहतो. धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही.

पेशीमागे एकच प्रत हवी असेल, तर एमओआय (पेशीमागे कामाचे विषाणू) ०.३ ठेवा. साधारण २६ टक्के पेशींना जनुक मिळतं आणि त्यांतल्या सुमारे ८६ टक्क्यांत ते एकदाच बसतं. विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारं पॉलिब्रीन मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅमपर्यंत. नाजूक पेशींना प्रोटामाइन सल्फेट बरं.

टायटर मोजताना पी२४ या विषाणूच्या प्रथिनाच्या आकड्यावर विसंबू नका, त्यात निकामी कणही मोजले जातात. क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजण्याची चाचणी) तिसऱ्या दिवशी केलं तर उरलेले प्लास्मिड आणि न बसलेली डीएनए वर्तुळं आकडा फुगवतात. विभागणाऱ्या पेशी दोन आठवडे वाढवून मगच मोजा. सोबत पेशींच्या एका खाचेत राल्टेग्राविर (इंटिग्रेज रोखणारं औषध) घाला. तिथेही चमकणाऱ्या खूण-जनुकाची चमक आठवडाभरानंतर तशीच टिकली, तर दिसतंय ते इंटिग्रेजचं काम नाही.

हे सगळं बीएसएल-२ (जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीच्या प्रयोगशाळे) मध्येच. व्हीएसव्ही-जीमुळे हा विषाणू जवळजवळ कुठल्याही मानवी पेशीत शिरतो, त्यामुळे सुया टाळा. कर्करोगाचं जनुक वाहत असाल तर दुहेरी हातमोजे घाला. आणि ठरावीक जागीच जनुक हवं असेल तर हा संच घेऊच नका. त्यासाठी क्रिस्पर हे ठरलेल्या जागी डीएनए कापणारं तंत्र आहे.